आउटबोर्ड मोटरची जोडणी आणि लहान नौकेची कामगिरी

आउटबोर्ड मोटर म्हणजे लहान नौकेच्या मागच्या बाजूस बाहेरून बसवले जाणारे, इंजिन, गिअर आणि प्रॉपेलर एकाच संचात असलेले यंत्र होय. ही मोटर किती उंचीवर, नौकेपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात आणि मध्यरेषेच्या कोणत्या बाजूस बसवली आहे, यावर नौकेचा वेग, इंधनाचा खर्च, वळणावरील पकड, सुकाणूवर जाणवणारा भार आणि नौकेची स्थिरता अवलंबून असते. नौका, मोटर व प्रॉपेलर यांत काहीही बदल न करता मोटर केवळ दोन-तीन सेंटीमीटर वर किंवा खाली घेतल्यानेही वेगवान नौकेच्या वर्तनात स्पष्ट फरक पडू शकतो.

जोडणीच्या उंचीमागे दोन परस्परविरोधी गरजा असतात. पाण्यात बुडालेला मोटरचा भाग जितका कमी, तितकी पाण्याची ओढ कमी; परंतु प्रॉपेलर पृष्ठभागाच्या जितका जवळ, तितकी त्यात हवा शिरण्याची आणि रेटा नाहीसा होण्याची शक्यता अधिक. त्यामुळे सर्व नौकांना लागू पडेल अशी एकच योग्य उंची नसते. नौकेचा तळ, वेग, भार आणि ती कोणत्या पाण्यात चालते हे पाहून उंची ठरवावी लागते.

## पार्श्वभूमी

नौकेला बाहेरून जोडता येणाऱ्या मोटरचा प्रयोग फ्रेंच संशोधक ग्युस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसमधील सीन नदीवर केला. त्यांची मोटर विजेवर चालणारी होती व ती सुकाणूसह काढता येत असे. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांना पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटरचे एकस्व १९०७ मध्ये मिळाले. मूळचे नॉर्वेचे असलेले ओले एव्हिनरूड यांनी मिलवॉकी येथे तयार केलेली मोटर १९०९ पासून बाजारात आली. सुमारे २८ किग्रॅ वजनाची व दीड अश्वशक्तीची ही मोटर वल्ह्याच्या होडीला अडकवण्यासाठी होती.

या सुरुवातीच्या मोटरी मंद गतीच्या होड्यांना लावल्या जात. अशा होडीवर प्रॉपेलर पाण्यात पुरेसा बुडालेला असणे एवढीच अट पुरेशी होती. पुढे इंजिनांची शक्ती वाढली आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या वेगवान नौका प्रचारात आल्या. तेव्हापासून मोटरची उंची व कोन यांना नौकेच्या आखणीत महत्त्वाचे स्थान मिळाले.

## रचना व संज्ञा

नौकेच्या मागच्या टोकाला असलेल्या उभ्या, सपाट फळीला ट्रान्सम म्हणतात. मोटर या फळीच्या वरच्या कडेवर पकडस्क्रूंनी किंवा आरपार बोल्टांनी बसवतात. मोटरचे डोके फळीच्या वर राहते व तिचा उभा पाय पाण्यात उतरतो. पायाच्या खालच्या टोकाशी असलेल्या, पुढून निमुळत्या कवचाला गिअरकेस म्हणतात. उभ्या शाफ्टची फिरण्याची गती येथे आडव्या प्रॉपेलर-शाफ्टकडे वळवली जाते. प्रॉपेलरला मच्छीमारांच्या बोलीत सर्रास पंखा म्हटले जाते. गिअरकेसच्या खाली असलेले पात्यासारखे अंग, म्हणजे स्केग, प्रॉपेलरचे अंशतः रक्षण करते आणि दिशा धरून ठेवण्यास मदत करते.

प्रॉपेलरच्या थोडे वर एक आडवी पट्टी असते. तिचे नाव अँटी-व्हेंटिलेशन प्लेट. पृष्ठभागावरील हवा प्रॉपेलरकडे ओढली जाऊ नये, यासाठी ती असते. तिला अनेकदा ‘अँटी-कॅव्हिटेशन प्लेट’ म्हटले जाते. परंतु कॅव्हिटेशन ही वेगळी घटना असून ही पट्टी ती रोखत नाही. मोटरची उंची मोजताना मात्र हीच पट्टी खूण म्हणून धरतात आणि नौकेच्या तळाच्या मागच्या कडेपासून ती किती वर किंवा खाली आहे ते पाहतात.

### शाफ्टची लांबी

मोटरचा पाय ठरावीक लांबींमध्ये मिळतो. ही लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळावी लागते. ट्रान्समची उंची मध्यरेषेवर, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजतात.

| शाफ्टचा प्रकार | ट्रान्समची अंदाजे उंची |
|---|---|
| आखूड | १५ इंच (३८१ मिमी) |
| लांब | २० इंच (५०८ मिमी) |
| अतिलांब | २५ इंच (६३५ मिमी) |

या मापांत उत्पादकागणिक थोडा फरक असतो. उंच ट्रान्समवर आखूड शाफ्टची मोटर बसवल्यास प्रॉपेलर पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढू लागतो. कमी उंचीच्या ट्रान्समवर लांब शाफ्टची मोटर बसवल्यास पाय अनावश्यक खोल जातो, तुषार उडतात आणि उथळ पाण्यात प्रॉपेलर तळाला लागण्याचा धोका वाढतो. जोडणीतील किरकोळ फेरफारांनी काही सेंटीमीटरांची उणीव भरून काढता येते. पाच इंचांची चूक सहसा भरून काढता येत नाही.

## जोडणीची उंची

### मोटर फार खाली असल्यास

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. त्यामुळे पाण्यातून ओढला जाणारा पायाचा प्रत्येक जादा सेंटीमीटर इंजिनाच्या शक्तीचा काही वाटा खातो. ही ओढ ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते आणि तिच्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणूनच ताशी ८-१० किमी वेगाने चालणाऱ्या होडीला दोन सेंटीमीटरांचा फरक जाणवत नाही. ताशी ५० किमी वेगाच्या नौकेला तो जाणवतो.

मोटर फार खाली असण्याची इतर लक्षणेही असतात. आडव्या पट्टीवर आदळणारे पाणी मागे उंच फवाऱ्याच्या रूपाने उडते. इंजिनाचे फेरे अपेक्षित मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत. सुकाणू जड वाटते. प्रॉपेलरचा रेटा अधिक खालून लागल्यामुळे नौकेचे पुढचे टोक वर उचलले जाण्याची प्रवृत्तीही वाढते.

### मोटर फार वर असल्यास

मोटर प्रमाणाबाहेर वर घेतल्यास प्रॉपेलरच्या पात्यांमध्ये हवा शिरते. पाण्याऐवजी हवा व पाणी यांचे मिश्रण ढकलले जाऊ लागल्याने प्रॉपेलरवरील भार एकाएकी कमी होतो. इंजिन मोठा आवाज करत वेगाने फिरते, पण नौका पुढे जात नाही. हे प्रामुख्याने वळण घेताना, लाटेवरून उतरताना आणि जागेवरून एकदम वेग घेताना घडते, कारण याच वेळी प्रॉपेलरच्या वर असलेला पाण्याचा थर पातळ होतो.

दुसरा धोका इंजिन तापण्याचा असतो. बहुतेक आउटबोर्ड मोटरी भोवतालच्याच पाण्याने थंड ठेवल्या जातात. हे पाणी गिअरकेसच्या बाजूंना असलेल्या छिद्रांतून पंपाने वर खेचले जाते. ही छिद्रे पाण्याबाहेर आली किंवा त्यांत हवेचे बुडबुडे शिरू लागले, तर इंजिन तापून निकामी होऊ शकते. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार ही पंप चालू असल्याची खूण असते. परंतु धार दिसते म्हणून पाण्याचा दाब पुरेसा आहेच असे नाही. त्यामुळे मोटर नेहमीपेक्षा उंच बसवलेल्या नौकांवर पाण्याचा दाब दाखवणारे मापक लावतात.

### व्हेंटिलेशन आणि कॅव्हिटेशन

बोलीभाषेत या दोन घटनांची सरमिसळ होते. व्हेंटिलेशन म्हणजे पृष्ठभागावरील हवा किंवा इंजिनाचा धूर प्रॉपेलरच्या पात्यांकडे ओढला जाणे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पृष्ठभागावर दाब इतका कमी होणे की सभोवतालच्या तापमानालाच पाण्याचे बाष्प होऊ लागते. हे बुडबुडे अधिक दाबाच्या जागी पोहोचताच फुटून मिटतात आणि त्यांच्या आघाताने पात्याचा धातू खरवडला जातो.

कॅव्हिटेशनचा उपद्रव १८९० च्या दशकात वेगवान जहाजांवर ठळकपणे लक्षात आला. चार्ल्स पार्सन्स यांनी ‘टर्बिनिया’ या १८९४ मध्ये जलावतरण झालेल्या टर्बाइन-नौकेवर तो अनुभवला. अपेक्षित वेग मिळेना तेव्हा त्यांनी प्रॉपेलरांचा अभ्यास करण्यासाठी पाण्याची प्रयोगकुंडी तयार केली आणि अखेर नौकेची शाफ्ट-रचनाच बदलली.

लहान नौकांच्या बाबतीत जोडणीच्या उंचीमुळे उद्भवणारी तक्रार बहुधा व्हेंटिलेशनची असते. कॅव्हिटेशनचे मूळ सहसा वाकलेल्या किंवा कडा तुटलेल्या पात्यात, अयोग्य प्रॉपेलरमध्ये किंवा गिअरकेसपुढील खडबडीत प्रवाहात असते. फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते, कारण पाते तुटलेले असताना मोटर खाली घेऊन दोष जात नाही. केवळ ओढ वाढते.

## मोटरचा कोन

मोटर ट्रान्समवर एका आडव्या आसाभोवती पुढे-मागे झुकवता येते. या झुकावाला ट्रिम म्हणतात. लहान मोटरींमध्ये तो एका पिनेची जागा बदलून ठरवतात. मोठ्या मोटरींमध्ये तो चालू असताना द्रवचालित यंत्रणेने बदलता येतो. अनेक नौकांचे ट्रान्सम उभ्या रेषेपासून १२ ते १४ अंश मागे कललेले असतात व मोटरीही तो कल गृहीत धरून आखलेल्या असतात.

मोटरचा खालचा भाग ट्रान्समकडे ओढल्यास प्रॉपेलर पाणी मागे व किंचित खाली फेकतो. त्यामुळे नौकेची पिछाडी उचलली जाते आणि पुढचे टोक खाली दबते. जागेवरून वेग घेताना किंवा समोरून लाटा येत असताना ही स्थिती उपयोगी पडते. पण ती अधिक झाल्यास पुढचे टोक पाण्यात रुतते, नौका अचानक एका बाजूला ओढली जाते आणि सुकाणूवरील ताबा सुटू शकतो. उलट, मोटरचा खालचा भाग बाहेर काढल्यास पाणी मागे व किंचित वर फेकले जाते, पिछाडी दबते आणि पुढचे टोक उचलले जाते. तळाचा कमी भाग पाण्याला टेकल्याने वेग वाढतो. मात्र मर्यादा ओलांडल्यास प्रॉपेलर हवा ओढू लागतो किंवा पुढचे टोक लयबद्धपणे वर-खाली आपटू लागते. या दोलनाला पॉर्पॉइझिंग म्हणतात.

कोनाचा परिणाम किती मोठा असतो, हे एका गणिती उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रॉपेलरचा रेटा १,००० न्यूटन असून तो आडव्या रेषेपासून ५ अंश कललेला असेल, तर त्याचा उभ्या दिशेतील घटक सुमारे ८७ न्यूटन भरतो. मोटर नौकेच्या गुरुत्वमध्यापासून ३ मीटर मागे असल्यास तरफेचा परिणाम सुमारे २६१ न्यूटन-मीटर होतो. ७० किग्रॅ वजनाची व्यक्ती नौकेत सुमारे ३८ सेंमी पुढे किंवा मागे सरकल्यावर होणाऱ्या परिणामाइतका तो असतो.

उंची व कोन ही दोन स्वतंत्र समायोजने नाहीत. मोटर बाहेर झुकवली की प्रॉपेलर मागे जातो आणि थोडा वरही येतो. म्हणून एका कोनात योग्य वाटणारी उंची दुसऱ्या कोनात अपुरी ठरू शकते.

## ट्रान्समपासूनचे अंतर

काही नौकांवर मोटर थेट ट्रान्समवर न बसवता मागे निघालेल्या कंसावर किंवा जॅक प्लेटवर बसवतात. जॅक प्लेटमुळे मोटर मागे जाते, शिवाय तिची उंचीही बदलता येते.

वेगात असलेल्या नौकेच्या तळाखालून निघालेले पाणी ट्रान्सम सोडल्यावर हळूहळू वर येते. त्यामुळे मागे नेलेला प्रॉपेलर अधिक उंचीवरही पाण्यात राहतो. शिवाय तळाच्या कडेशी ढवळलेले पाणी तेथे काहीसे स्थिरावलेले असते. मोटर २० ते २५ सेंमी मागे नेल्यास ती सुमारे २.५ सेंमी वर घेता येते, असा ढोबळ नियम वापरला जातो.

याची किंमत वजनाच्या वाटणीत मोजावी लागते. ९० किग्रॅची मोटर २५ सेंमी मागे नेणे हे ७५ किग्रॅ वजनाच्या व्यक्तीने ३० सेंमी मागे सरकून बसण्यासारखे असते. आधीच मागे दबणाऱ्या हलक्या होडीला हा बदल मानवत नाही. तिला पाण्यावर सरकण्याच्या स्थितीत येण्यास अधिक वेळ लागतो आणि पॉर्पॉइझिंगची प्रवृत्ती वाढते. ट्रान्समवर येणारा ताणही वाढतो, म्हणून फळी आतून मजबूत करावी लागते.

## मध्यरेषा आणि अनेक मोटरी

एकच मोटर असल्यास ती शक्यतो मध्यरेषेवर बसवतात. बाजूला बसवलेल्या मोटरचा रेटा नौकेला सतत विरुद्ध बाजूस वळवू पाहतो व ते सुकाणूने सावरावे लागते. एका बाजूच्या वळणात नौका कलल्यावर प्रॉपेलर उचललाही जातो.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या होड्यांना ट्रान्सम नसते. त्यांना मोटर लावण्यासाठी मागचे टोक कापून फळी बसवणे, बाजूला आडवा कंस बांधणे किंवा होडीच्या आत चौकोनी विहीर ठेवून त्यात मोटर उतरवणे असे पर्याय वापरले जातात. विहिरीमुळे मोटर मध्यरेषेवर राहते. परंतु तिच्या उघड्या तळामुळे ओढ वाढते.

मध्यरेषेवर बसवलेली मोटरही पूर्णपणे समतोल नसते. फिरणाऱ्या प्रॉपेलरमुळे सुकाणू एका बाजूला ओढले जाते. मोटरची उंची व कोन बदलल्यास ही ओढ कमी-जास्त होते. ती घालवण्यासाठी अनेक मोटरींवर आडव्या पट्टीखाली लहान, फिरवता येणारे पाते असते. मोटर बरीच वर घेतल्यास हे पाते पाण्याबाहेर येऊन निरुपयोगी ठरू शकते.

दोन मोटरींच्या नौकेत प्रॉपेलर विरुद्ध दिशांना फिरणारे असल्यास ही बाजूची ओढ बऱ्याच अंशी परस्पर नाहीशी होते. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तळाच्या नौकेत मध्यापासून बाजूला जाताना तळ वर चढत जातो. त्यामुळे दोन मोटरी एकट्या मोटरपेक्षा वर बसवाव्या लागतात आणि वळणावर बाहेरच्या बाजूची मोटर हवा ओढत नाही ना, हे विशेष पाहावे लागते.

## नौकेच्या प्रकारानुसार फरक

मंद गतीच्या, पाणी कापत जाणाऱ्या होड्या. या होड्यांचा वेग पाण्याशी टेकलेल्या लांबीने मर्यादित होतो. ५ मीटर जललांबीच्या होडीची ही मर्यादा सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किमी असते. येथे पायाच्या ओढीपेक्षा प्रॉपेलरची पकड महत्त्वाची असल्याने आडवी पट्टी तळाच्या कडेपेक्षा काही सेंटीमीटर खाली ठेवतात.

पाण्यावर सरकणाऱ्या नौका. या नौकांसाठी आडवी पट्टी तळाच्या मागच्या कडेशी समतल किंवा सुमारे २.५ सेंमीपर्यंत खाली ठेवून चाचणीस सुरुवात करतात. त्यानंतर मोटर टप्प्याटप्प्याने वर घेतली जाते. तळाच्या मध्यावरील पठाण किंवा एखादा संवेदक मोटरच्या अगदी पुढपर्यंत आला असेल, तर त्याच्यामागे हवा मिसळलेले पाणी प्रॉपेलरवर येते. अशा वेळी मोटर खाली घेण्यापेक्षा हा अडथळा दूर करणे किंवा निमुळता करणे श्रेयस्कर असते.

शिडाच्या नौका. यांवर मोटर केवळ बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर वापरली जाते. लाटांमध्ये नौकेचे मागचे टोक वर-खाली होत असल्याने प्रॉपेलर वारंवार पाण्याबाहेर येतो. म्हणून लांब किंवा अतिलांब शाफ्ट आणि वर-खाली सरकणारा कंस वापरतात. कोणी व्यक्ती दोरी आवरण्यास पुढच्या टोकाशी गेली, तर मागचे टोक आणखी उचलले जाते. हेही उंची ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

हवा भरलेल्या नौका. यांचे वजन कमी व ट्रान्सम लहान असते. मोटर, इंधनाची टाकी आणि चालक हे तिन्ही मागे एकवटल्यास पुढचे टोक धोकादायकरीत्या उचलले जाते. अशा नौकेत मोटरची जागा बदलण्याआधी टाकी पुढे सरकवल्यानेच बराच फरक पडतो.

## योग्य उंची ठरवण्याची पद्धत

मोठ्या मोटरींच्या जोडणी-कंसावर छिद्रांची रांग असते व दोन छिद्रांमधील अंतर साधारण १९ मिमी असते. चाचणीत एका वेळी एकाच छिद्राएवढा बदल करतात. प्रत्येक वेळी माणसे, इंधन व सामान तेवढेच ठेवतात. प्रवाह आणि वाऱ्याचा परिणाम वगळण्यासाठी तेच अंतर दोन्ही दिशांनी कापून वेगाची सरासरी घेतात. वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचा दाब आणि वळणावरील पकड यांची नोंद ठेवली जाते.

केवळ इंजिनाचे फेरे वाढले म्हणजे सुधारणा झाली असे नसते. प्रॉपेलर अजिबात न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता, त्या अंतराला पिच म्हणतात. फेरे व पिच यांवरून निघणारा सैद्धांतिक वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतील टक्केवारीतील तफावत म्हणजे स्लिप होय.

उदाहरणार्थ, गिअरचे गुणोत्तर २:१ आणि पिच १३ इंच (३३० मिमी) असलेली मोटर मिनिटाला ५,३०० फेरे घेत असेल, तर प्रॉपेलर २,६५० वेळा फिरतो आणि सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ५२.५ किमी येतो. प्रत्यक्ष वेग ४५ किमी असल्यास स्लिप सुमारे १४ टक्के होते. मोटर एक छिद्र वर घेतल्यावर फेरे ५,५०० झाले, तर सैद्धांतिक वेग सुमारे ५४.५ किमी होतो. आता प्रत्यक्ष वेग ४७ किमी मिळाल्यास स्लिप जवळपास तेवढीच राहिली, म्हणजे ओढ खरोखर कमी झाली. वेग मात्र ४५ किमीच राहिला, तर स्लिप १७ टक्क्यांवर गेली, म्हणजे वाढलेले फेरे प्रॉपेलरच्या घसरण्यात खर्ची पडले. अशा वेळी मोटर पूर्वीच्या छिद्रावर परत आणतात.

रिकाम्या नौकेवर शांत पाण्यात सापडलेली सर्वांत वेगवान उंची रोजच्या वापरासाठी योग्य असतेच असे नाही. भरलेल्या नौकेची पाण्यातील बैठक वेगळी असते आणि लाटांमध्ये प्रॉपेलरला अधिक खोली लागते. त्यामुळे नेहमीचा भार आणि नेहमीचे पाणी यांतच अंतिम चाचणी घेतली जाते.

### सामान्य लक्षणे व कारणे

| लक्षण | संभाव्य कारण | प्रथम तपासावयाची बाब |
|---|---|---|
| वळणावर इंजिन एकदम वेगाने फिरते, नौका मंदावते | मोटर फार वर किंवा फार बाहेर झुकलेली | कोन कमी करणे. नंतर उंची एक छिद्र कमी करणे |
| पायाभोवती उंच फवारे, फेरे अपुरे | मोटर फार खाली | उंची एक छिद्र वाढवणे |
| पुढचे टोक लयबद्ध आपटते | मोटर बाहेर झुकलेली किंवा भार मागे | कोन व सामानाची जागा |
| पुढचे टोक रुतते, सुकाणू जड होते | मोटर जास्त आत ओढलेली | पिनेची जागा किंवा ट्रिम |
| वेगात असताना तापल्याची सूचना | पाणी घेणारी छिद्रे उघडी किंवा तुंबलेली | इंजिन थांबवून छिद्रे, पंप व उंची |
| सरळ जातानाही प्रॉपेलर घसरतो | खराब पाते, पुढील अडथळा किंवा सैल झालेले रबरी बूश | प्रॉपेलर उतरवून तपासणी |

## भारताच्या किनारपट्टीवर

भारतात केरळच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारी होड्यांचे आउटबोर्ड मोटरींद्वारे यांत्रिकीकरण १९८० च्या दशकाच्या आरंभी वेगाने झाले. वल्ही व शीड यांसाठी घडवलेल्या होड्यांना मोटर जोडताना तिची जागा हा प्रश्न आपोआप उभा राहिला, कारण त्या होड्यांच्या आकारात मोटरचे वजन किंवा मागून लागणारा रेटा गृहीत धरलेला नव्हता. फायबरच्या होड्यांचा प्रसार झाल्यावर मोटरसाठी सपाट ट्रान्सम असलेली बांधणी रूढ झाली.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड मोटर लावलेल्या होड्या मासेमारी आणि पर्यटन या दोन्हींसाठी वापरल्या जातात. येथे उंची ठरवताना वेगाखेरीज इतर बाबीही येतात. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ओहोटीला पाणी उथळ होते. मोटर खोल असल्यास प्रॉपेलर वाळूत घासतो व पाण्याबरोबर रेती पंपात शिरते. किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जाणाऱ्या होडीची मोटर लाटांमध्येच झटकन वर झुकवता यावी लागते. जाळे मागच्या बाजूने टाकले जात असल्यास ते पायात अडकणार नाही, अशी मोटरची जागा लागते. पहाटे रिकामी निघालेली होडी मासळी भरून परतते तेव्हा तिची बैठक पूर्ण बदललेली असते. त्यामुळे मासेमारीच्या होडीवर मोटर सर्वाधिक वेगाच्या उंचीपेक्षा काहीशी खाली ठेवणे व्यवहार्य ठरते.

## सुरक्षितता

मोटरच्या जागेचा सर्वांत गंभीर परिणाम वेगावर नव्हे, तर नौका तरंगत राहण्यावर होतो. आखूड शाफ्टची मोटर बसवण्यासाठी ट्रान्समला खाच पाडल्यास मागून येणारी लाट त्या खाचेतून सरळ आत येते. वेगातील नौका एकदम थांबवल्यावर तिच्याच मागे उठलेली लाट पुढे सरकून ट्रान्समवर चढते. पिछाडी वजनाने आधीच दबलेली असेल, तर एवढे पाणीही नौका भरण्यास पुरते. यासाठी खाचेच्या आत पाणी अडवून बाहेर सोडणारे बंदिस्त कुंड ठेवतात.

समान शक्तीची चार-स्ट्रोक मोटर सामान्यतः दोन-स्ट्रोक मोटरपेक्षा जड असते. त्यामुळे जुन्या होडीवर नवी मोटर बसवताना केवळ अश्वशक्ती जुळवणे पुरेसे नसते. पूर्ण भारासह उभ्या नौकेत ट्रान्समची कड पाण्यापासून किती वर राहते, हे मोजावे लागते. नौकेसाठी ठरवून दिलेली कमाल शक्ती व कमाल भार ओलांडणे धोक्याचे असते.

केवळ पकडस्क्रूंवर बसवलेली मोटर कंपनांनी सैल होऊन निखळू शकते. म्हणून स्क्रू वेळोवेळी आवळतात व मोटर साखळीने नौकेला बांधून ठेवतात. आरपार बोल्टांची छिद्रे नीट बंद न केल्यास लाकडी गाभ्यात पाणी मुरून ट्रान्सम आतून कुजते. उंची बदलताना रिकामी झालेली जुनी छिद्रेही याच कारणासाठी बुजवावी लागतात.

व्हेंटिलेशन होत असलेल्या प्रॉपेलरने वळणाच्या मध्यात पुन्हा पकड घेतली, की नौकेला जोराचा हिसका बसतो आणि चालक बाहेर फेकला जाऊ शकतो. चाचणीच्या वेळी व एरवीही चालकाने इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी अंगाला अडकवलेली असणे आणि नौकेतील सर्वांनी जीवरक्षक जॅकेट घातलेले असणे आवश्यक असते. प्रॉपेलर किंवा उंचीची तपासणी नेहमी इंजिन पूर्णपणे बंद करूनच केली जाते.